फोन कंपनी टीव्ही दाखवू लागली. दावा लावायचा तर कशासाठी?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी १९९७ पासून केबलचा व्यवसाय करतो. आधी गच्चीवर छत्री लावून, नंतर सेट-टॉप बॉक्स आल्यावर एमएसओकडून, म्हणजे वाहिन्या एकत्र करून ऑपरेटरांना पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीकडून, सिग्नल घेऊन. एके काळी चौदाशे कनेक्शन होती, आता सहाशेच्या आत आली आहेत. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या फोन कंपनीने गावात फायबर आणली. फोन, इंटरनेट आणि टीव्ही एकाच बिलात देतात. वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं सांगतात, ‘तुमचं काही चुकलं नाही, पण तिकडं सगळं एकत्र मिळतंय.’

त्यात मार्च महिन्यात विजेच्या खांबांवरच्या माझ्या वायरी कापून टाकल्या. त्याच खांबांवरची कंपनीची फायबर मात्र तशीच आहे. गेल्या महिन्यात एमएसओने थकबाकीच्या वादावरून नोटीस न देता दोन दिवस सिग्नल बंद केला, तेव्हा चाळीसेक घरं गेली.

आता तालुक्यातले आम्ही ऑपरेटर मिळून हायकोर्टात जाणार आहोत. मागणी अशी की फोन कंपन्यांना टीव्ही दाखवायला बंदी करावी. प्रत्येकी पंचवीस हजार वर्गणी ठरली आहे. पुतण्याने वाचलं की अमेरिकेत असा कायदाच होता. मग आपल्याकडे का नको? पैसे भरू का? घरून आग्रह आहे की धंदा विकून मोकळं व्हा.

– एक केबलचालक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

या मागणीसाठी वर्गणी भरू नका. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत. जिच्यासाठी तुम्ही पंचवीस हजार काढून ठेवले आहेत, ती तिघींत सगळ्यात कमजोर आहे. ज्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्यात, खांबावरची वायर आणि बंद पडलेला सिग्नल, तिथे कायदा बऱ्यापैकी तुमच्या बाजूने उभा आहे. माझ्याकडे येणाऱ्या केबलचालकांच्या पत्रांत हे वारंवार दिसतं: राग सगळा फोन कंपनीवर आणि रोजचं नुकसान भलत्याच ठिकाणी चाललेलं.

आधी अमेरिकेचं बोलू. पुतण्याने वाचलं ते खरं आहे, तसा कायदा होता. पण तो का आला आणि कसा गेला हे समजून घ्या. तुमच्या वकिलांनी तो कोर्टात आधार म्हणून दाखवला, तर समोरचा वकील त्याचा उत्तरार्ध वाचून दाखवेल, आणि तो उत्तरार्ध तुमच्या विरोधात जातो.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या लहान गावांत केबल पसरत होती. टेकडीवर अँटेना उभारायचा, तिथून घराघरांत वायर न्यायची, असा धंदा. तुमचा सुरुवातीचा काळ आठवला तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. वायर न्यायला खांब लागतात, आणि खांब होते फोन कंपनीचे नाहीतर वीज कंपनीचे. फोन कंपन्यांना या धंद्यात पैसा दिसला. मग केबलवाल्याला खांब द्यायला टाळाटाळ सुरू झाली. कुठे ‘वायर आम्हीच टाकतो, तुम्ही ती भाड्याने घ्या’ असं सांगून त्या वायरीवरून काय न्यायचं आणि काय नाही याच्या अटी घातल्या. कुठे फोन कंपनीच्याच नात्यातल्या कंपनीला केबलचं काम मिळालं. म्हणून तिथल्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, १९७० मध्ये नियम केला की आपल्याच फोन-क्षेत्रातल्या ग्राहकांना फोन कंपनीने केबल टीव्ही द्यायचा नाही. फोन कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९७१ मध्ये हरल्या. १९८४ च्या केबल कायद्यात तिथल्या संसदेने, काँग्रेसने, ती बंदी कायमची लिहून टाकली, विरळ वस्तीच्या ग्रामीण भागाला सूट ठेवून.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बंदीच्या मुळाशी खांबाचं भांडण होतं. आणि त्या भांडणावर थेट उपाय असा दुसराच कायदा १९७८ मध्ये झाला होता. खांबावर केबल टाकायला किती भाडं घ्यायचं, ते वाजवी आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार त्याने एफसीसीला दिला.

मग १९९२-९३ च्या सुमारास व्हर्जिनियातल्या एका फोन कंपनीला अलेक्झांड्रिया शहरात टीव्ही द्यायचा होता. चेसापीक अँड पोटोमॅक हे तिचं नाव. बेल अटलांटिक या मोठ्या कंपनीची ती शाखा. तिने सरळ बंदीलाच आव्हान दिलं. मुद्दा व्यापारस्वातंत्र्याचा घेतला नाही. टीव्हीवर कार्यक्रम दाखवणं हे बोलणंच आहे, आम्हाला बोलायला बंदी करता येणार नाही, असा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा घेतला. ऑगस्ट १९९३ मध्ये जिल्हा न्यायालयात न्यायाधीश एलिस यांनी तो मान्य केला. नोव्हेंबर १९९४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला: गळचेपी होऊ नये एवढाच हेतू असेल तर संपूर्ण बंदीपेक्षा सौम्य उपाय आहेत, ते आधी करा. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, डिसेंबर १९९५ मध्ये युक्तिवादही झाले. निकाल यायच्या आत ८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली आणि बंदी रद्द झाली. सुप्रीम कोर्टाला निकाल द्यायला काही उरलंच नाही.

त्याच १९९६ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, आणि तुमच्या दृष्टीने ती बंदीपेक्षा मोलाची आहे. खांबाच्या मालकाने केबलचालकाला खांब दिलाच पाहिजे, भेदभाव न करता दिला पाहिजे, असं त्यात आलं. पंचवीस वर्षं जपलेली बंदी गेली, खांबाचा हक्क राहिला आणि अधिक पक्का झाला.

पुढचं भांडण दहा वर्षांनी झालं, तेही थोडक्यात सांगते. २००६ मध्ये एटी अँड टी या फोन कंपनीने ‘यू-व्हर्स’ नावाने टीव्ही सुरू केला. केबल कंपनीला तिथे नगरपालिकेकडून परवाना घ्यावा लागे, उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के शुल्क भरावं लागे, गावाच्या सार्वजनिक वाहिन्या चालवाव्या लागत. एटी अँड टी म्हणाली, आम्ही केबल नाहीच. केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकदम घरापर्यंत येतात, एका दिशेने. आमच्याकडे ग्राहकाने मागितलेली वाहिनीच इंटरनेटच्या तंत्राने त्याच्या घरी जाते, म्हणजे ही दुतर्फा सेवा झाली. कनेक्टिकट राज्याच्या नियामकाने हे मान्य केलं. ग्राहकांच्या बाजूचं सरकारी कार्यालय आणि केबल कंपन्या फेडरल कोर्टात गेल्या. जुलै २००७ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने सांगितलं की वाहिनी निवडण्यापुरतं बटण दाबलं म्हणून सेवा दुतर्फा होत नाही, ही केबलच. पण त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने फोन कंपन्यांसाठी सोपा परवाना देणारा नवा कायदा केला. टेक्सासने तसा २००५ मध्येच केला होता, कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये. एफसीसीनेही डिसेंबर २००६ मध्ये नगरपालिकांना मुदत घालून दिली: ज्या कंपनीचं जाळं रस्त्यावर आधीच आहे, तिच्या अर्जाचा निकाल ९० दिवसांत लावा. त्यावरही खटला झाला आणि २००८ मध्ये एफसीसी जिंकली.

म्हणजे जिथे मूळ बंदी होती, तिथे ती टिकली नाही. जिथे केबलवाले कोर्टात जिंकले, तिथे विधिमंडळाने रस्ता काढून दिला. आणि ते केबलवाले म्हणजे तुमच्यासारखे सहाशे कनेक्शनवाले नव्हते. देशभर पसरलेल्या, स्वतःच फोनसेवा विकू लागलेल्या कंपन्या होत्या. वकिलांच्या फौजा त्यांना परवडत होत्या.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे फोन कंपनीने टीव्ही दाखवू नये असा कायदा कधी नव्हता. सरकारी फोन कंपनी एमटीएनएलने मुंबई-दिल्लीत आयपीटीव्ही, म्हणजे फोन कंपनीच्या जाळ्यावरून इंटरनेटच्या तंत्राने दिलेला टीव्ही, सुरू केला तो २००६ मध्ये. सप्टेंबर २००८ मध्ये केंद्र सरकारने आयपीटीव्हीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दूरसंचार परवानाधारकांना दार रीतसर उघडलं. फोन सेवेच्या परवान्यातच आवाज, डेटा आणि व्हिडिओ असं तिन्ही देण्याची मुभा लिहिलेली आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७ च्या नियमावलीत वाहिन्यांचे वितरक म्हणून डीटीएच, एमएसओ आणि हिट्स (उपग्रहावरून केबलवाल्यांना सिग्नल देणारी सेवा) यांच्याबरोबर आयपीटीव्हीचं नाव आहे. तुमच्या याचिकेवर पहिला प्रश्न हा येईल की २००८ चं धोरण तुम्हाला आज का खुपतंय, इतकी वर्षं कुठे होतात? हायकोर्ट अशा उशिराकडे फार काटेकोरपणे पाहतं. दुसरं, कुठल्या तंत्राला परवाना द्यायचा हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे, आणि तिथे हात घालायला न्यायालयं नाखूश असतात. व्यवसायाचं स्वातंत्र्य जसं तुम्हाला आहे तसं कंपनीलाही आहे.

ऑक्टोबर २०१८ आठवा. रिलायन्सने डेन आणि हॅथवे या दोन मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रणाचा वाटा घेत असल्याचं जाहीर केलं, आणि स्पर्धा आयोगाने पुढे त्याला मंजुरी दिली. फोनवाला आणि केबलवाला असे दोन तट आता उरलेले नाहीत. तुमच्या एमएसओची मालकी आज कोणाकडे आहे, हेही एकदा पाहून घ्या. याचिकेत ज्याच्यावर बंदी मागणार, त्याच्याच घरातून तुमचा सिग्नल येत नाही ना?

तुमचे सहकारी म्हणतील, बंदी जाऊ द्या, तोट्यात विकून आम्हाला मारतात त्याचं काय? हा प्रश्न रास्त आहे, मलाही तो छळतो. पण स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्ये आधी सिद्ध करावं लागतं की समोरचा त्या बाजारात वर्चस्व असलेला आहे. नुसती किंमत कमी आहे हे पुरत नाही. जिओने फुकट सेवा दिली तेव्हा एअरटेलने हीच तक्रार केली होती. जून २०१७ मध्ये आयोगाने ती फेटाळली, कारण जिओ तेव्हा नवी होती, वर्चस्व तिचं नव्हतं. एअरटेलसारख्या कंपनीच्या पदरी हे पडलं. शिवाय डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका वादात सांगून ठेवलं आहे की दूरसंचारातल्या तांत्रिक मुद्द्यांवर आधी ट्रायने मत द्यावं, मग आयोगाने पाहावं. आजचा बाजार २०१७ चा नाही, म्हणून हे दार कायमचं बंद झालं असं मी म्हणणार नाही. पण राज्यभराचे आकडे गोळा करू शकेल अशा संघटनेने ते ठोठावावं. एका तालुक्याच्या वर्गणीतलं हे काम नव्हे.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन स्वतः पाहा. कंपनीच्या बॉक्समध्ये वाहिन्या आयपीटीव्ही म्हणून येतात की ॲपमधून? आयपीटीव्ही असेल तर ट्रायचे नियम तिलाही लागू आहेत. ॲप असेल तर मामला वेगळा. डिजिटल केबलवाल्यांच्या अखिल भारतीय महासंघाने स्टार या वाहिनी कंपनीविरुद्ध टीडीसॅट या दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणाकडे तक्रार नेली होती की केबलवाल्याने पैसे मोजून घ्यायचं ते ॲपवर फुकट दाखवतात. ऑक्टोबर २०२३ च्या हंगामी आदेशात टीडीसॅटने प्राथमिक मत दिलं की असा ओटीटी मंच ट्रायच्या या नियमांत बसत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. घरात बसलेल्या माणसाला वाहिनी तीच दिसते. नियम मात्र एकाला सगळे आणि दुसऱ्याला जवळपास नाहीत. हा लढा लढायलाच हवा, पण त्याची जागा ट्रायची सल्लामसलत आणि खासदारांची दारं ही आहे. ट्राय चर्चापत्र काढते तेव्हा कुणीही लेखी मत पाठवू शकतो, पैसे पडत नाहीत. मोठ्या कंपन्यांची लांबलचक उत्तरं तिथे असतात. तालुक्याच्या केबलचालकांची फारशी दिसत नाहीत.

आता तुमचे खरे दावे.

खांबाचं आधी. २०११ च्या दुरुस्तीने केबल टीव्ही कायद्यात कलम ४-बी आलं. सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यातल्या जागेवरून, खालून, वरून वायर नेण्याचा आणि खांब उभारण्याचा मार्गाधिकार ते केबलचालकाला देतं. प्राधिकरणाची परवानगी लागते, अटी पाळाव्या लागतात, खर्च भरावा लागतो, आणि त्या जागेवर मालकी सांगता येत नाही. हक्क फक्त वापराचा. महावितरण आणि नगरपरिषद दोन्ही यात येतात. आता मला एक खरं सांगा: खांबांवर वायर टाकताना तुम्ही लेखी परवानगी घेतली होती का? बहुतेक गावांत ती कुणीच घेतलेली नसते, वायरमनशी बोलून काम झालेलं असतं. परवानगी नसेल तर वायर का कापली असा जाब विचारणं अवघड आहे. पण एकाला परवानगी आणि दुसऱ्याला नकार, किंवा बिनापरवानगीच्या दोघांपैकी एकाचीच वायर कापली, हा भेदभाव आहे, आणि सार्वजनिक कंपनीला तो करता येत नाही. राज्यघटनेचं कलम १४ तिथे लागू पडतं.

म्हणून आधी महावितरणकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. तुमच्या उपविभागातल्या खांबांवर कोणकोणत्या कंपन्यांना फायबर टाकायची परवानगी दिली, कुठल्या तारखेला, काय भाड्याने, कुठल्या परिपत्रकानुसार. मार्चमधली कारवाई कुणाच्या आदेशाने झाली, त्या आदेशाची प्रत. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्याच दिवशी दुसऱ्या कागदावर खांब वापरण्याच्या परवानगीचा रीतसर अर्ज द्या, मार्गाचा नकाशा आणि खांबांची संख्या जोडून, आणि पोच घ्या. परवानगी मिळाली तर भांडण संपलं. नाकारली किंवा उत्तरच आलं नाही, आणि माहिती अधिकारात फोन कंपनीला दिलेली परवानगी हातात आली, तर मग जा हायकोर्टात. ही याचिका छोटी, नेमकी आणि कागदांवर उभी असेल. तुम्हाला मुंबईलाही जावं लागणार नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली जिल्हा त्याच्याकडे आहे.

तोवर लोंबत्या वायरी उचलून घ्या, जुन्या मेलेल्या वायरी स्वतःहून काढा. खांबावर चढणारा माणूस विजेच्या धक्क्याने गेला तर कुठलाही कायदा तुमच्या मदतीला येणार नाही, आणि त्या माणसाच्या घरच्यांना तोंड दाखवणंही अवघड होईल.

सिग्नलचा वाद त्याहून सरळ आहे. एमएसओ आणि स्थानिक ऑपरेटर यांच्यातले व्यवहार ट्रायच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमावलीने बांधलेले आहेत. लेखी करार हवाच. आणि सिग्नल तोडायचा तर कारण देऊन तीन आठवड्यांची नोटीस हवी. तुम्हाला ती मिळाली नाही. या दाव्याची जागा म्हणजे दिल्लीचा टीडीसॅट. जानेवारी २००४ पासून केबल आणि प्रसारण सेवा त्याच्या अखत्यारीत आल्या आहेत. सांगलीच्या दिवाणी न्यायालयात हा दावा चालणार नाही, ट्राय कायद्याच्या कलम १५ ने ते दार बंद केलं आहे. हे मुद्दाम सांगते, कारण तालुक्याला बसणारे वकील पुष्कळदा तिथेच दावा घालतात आणि वर्ष वाया जातं. टीडीसॅटपुढे तुम्ही स्वतः उभे राहू शकता, वकील किंवा चार्टर्ड अकाउंटंट यांनाही उभं करू शकता. नुकसानभरपाई मागता येते आणि सिग्नल पुन्हा तोडू नये असा अंतरिम आदेशही मागता येतो.

पुराव्याशिवाय मात्र यातलं काही होणार नाही. ज्या दोन दिवसांत सिग्नल बंद होता त्यांची तारीख-वेळ, एमएसओच्या तक्रार क्रमांकावर केलेले फोन, व्हॉट्सॲपवरचे निरोप, तुमच्या लॉगिनमधून दिसणारी कनेक्शनची यादी, आणि गेलेल्या चाळीस घरांची नावं तारखेसकट. चाळीसांतल्या चार-पाच जणांनी ‘सिग्नल गेला म्हणून आम्ही बदललं’ असं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर दावा उभा राहील. जुनी गिऱ्हाइकं आहेत तुमची, देतील.

त्याच वेळी हिशेब काढा. ग्राहक जे नेटवर्क शुल्क भरतो, त्याचे वाटे आपसात ठरले नसतील तर २०१७ च्या नियमाने एमएसओला ५५ आणि स्थानिक ऑपरेटरला ४५ असे पडतात. शुल्क १३० रुपये असेल तर तुमचे ५८ रुपये ५० पैसे, कर वेगळा. तुमच्या हातात प्रत्यक्ष किती येतात? कमी येत असतील तर ते कुठल्या कराराने? अनेकांनी कोऱ्या जागा सोडलेल्या करारावर सह्या केलेल्या असतात आणि प्रत त्यांच्याकडे नसते. लेखी मागा. जी थकबाकी तुम्हाला मान्य आहे तेवढी, वादाचा हक्क राखून असं लिहून, बँकेतून भरून टाका. सिग्नल बंद करायला निमित्त ठेवू नका.

हे सगळं करण्याआधी तुमचं नोंदणी प्रमाणपत्र कपाटातून काढून तारीख पाहा. पूर्वी हेड पोस्टात पाचशे रुपये भरून वर्षावर्षाने नूतनीकरण व्हायचं. १७ जानेवारी २०२५ पासून ते केंद्र सरकारच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतं, पाच वर्षांसाठी, शुल्क ५,००० रुपये. नोंदणी संपलेली असताना तुम्ही कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला समोरचा तेच दाखवेल.

घरच्या आग्रहाबद्दल. घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण आज विकणं चुकीचं होईल. वायरी कापलेल्या, थकबाकीचा वाद चालू, करार हातात नाही, अशा स्थितीत जो घ्यायला येईल तो पडत्या भावानेच मागेल. आणि तुमच्याकडे विकण्यासारखं काय आहे तेही बघा. वाहिन्या तुमच्या नाहीत, बॉक्स बहुधा एमएसओचे आहेत. तुमची आहे ती घराच्या दारापर्यंत गेलेली वायर आणि त्या घराशी असलेली ओळख. फोन कंपनी तुमची गिऱ्हाइकं इंटरनेटच्या जोरावर नेते आहे. नुसत्या टीव्हीसाठी फार थोडे जातात. म्हणजे तुमच्याही वायरीवरून इंटरनेट गेलं पाहिजे. परवानाधारक इंटरनेट कंपन्या स्थानिक भागीदार शोधत असतात. मुख्य रस्त्यावरची जुनी कोॲक्सियल वायर काढून स्वतःच्या मालकीची फायबर टाका, जमेल तेवढ्या गल्ल्यांत आधी. करारात दोन ओळी वकिलाकडून पाहून घ्या: फायबर कुणाच्या मालकीची, आणि करार मोडला तर ग्राहक कुणाचा. पंचवीस हजार तिथे घाला.

दुसरी गोष्ट गावची वाहिनी. ग्रामदैवताची यात्रा, गणपती विसर्जन, शाळेचं स्नेहसंमेलन, बाजार समितीचे भाव. ज्याला मुंबईहून कुणी कॅमेरा पाठवणार नाही, ते तुम्ही इतकी वर्षं दाखवत आला असाल. एमएसओच्या जाळ्यावरच्या अशा स्थानिक वाहिन्यांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम आले; एमएसओने प्रत्येक वाहिनीमागे १,००० रुपये भरून ऑनलाइन नोंदणी करायची असते, आणि बातम्या दाखवायच्या तर चालवणारी संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असावी लागते. तुमच्या एमएसओने ती नोंदणी केली आहे का विचारा. गावातल्या म्हाताऱ्यांचं कनेक्शन पुष्कळदा त्या एका वाहिनीवर टिकून असतं.

राहिले तुमचे सहकारी. त्यांना तोंडघशी पाडून वेगळे होऊ नका. बैठकीत हे पत्र वाचून दाखवा आणि सुचवा की वर्गणी परत करू नये, तिचा उपयोग बदलावा. ज्यांच्या वायरी कापल्या त्या सगळ्यांचे माहिती अधिकाराचे अर्ज एकदम टाकायचे, सगळ्यांच्या एमएसओ करारांच्या प्रती एका फाइलमध्ये लावायच्या, आणि ज्याचा कागद सगळ्यात भक्कम निघेल त्याचा एक दावा टीडीसॅटमध्ये आणि एक याचिका कोल्हापुरात, अशा दोनच गोष्टींवर खर्च करायचा. माझ्या अंदाजाने सिग्नलचा दावा तुमचाच पुढे येईल, कारण दोन दिवस आणि चाळीस घरं हे मोजता येणारं नुकसान आहे. कागद जमले की संपादकांच्या पत्त्यावर प्रती पाठवा, टीडीसॅटचा अर्ज कसा मांडायचा ते मी पाहून देईन. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र माझी वाट न पाहता याच आठवड्यात टाका.